मुलांसाठी नाइटची ख्रिस्ती रूपककथा लिहायचीय? आधी चिलखत कसं घालायचे ते बघा

संडे स्कूलसाठी, सुट्टीतल्या बायबल शिबिरासाठी किंवा रात्री झोपताना घरच्या पोरांना वाचून दाखवायला म्हणून नाइटची, म्हणजे मध्ययुगातल्या युरोपातल्या चिलखत घालणाऱ्या घोडेस्वार योद्ध्याची, गोष्ट लिहायला घेणारे बरेच जण असतात, आणि बहुतेकांची गोष्ट एकाच जागी अडकते. नाइटचं नाव विश्वास, त्याच्या ढालीवर पण विश्वास लिहिलेलं, समोर पाप नावाचा ड्रॅगन, आणि शेवटी राजा येतो आणि सगळं नीट करतो. नऊ वर्षांचं पोर दुसऱ्या पानावरच ओळखतं की पुढे काय होणार, आणि एकदा ओळखलं की ते ऐकत नाही, नुसतं बसून राहतं. माझं सांगणं एवढंच आहे की अर्थ बाहेरून चिकटवायला जाऊ नका. नाइटच्या वस्तू खरंच कशा होत्या, कशा घालायचे, कशाने खराब व्हायच्या हे आधी नीट समजून घ्या, अर्थ त्यातूनच वर येतो आणि मुलांना तो आपला आपण सापडतो.

सुरुवात बायबलपासूनच करा. इफिसकरांस पत्र, अध्याय ६, वचनं १० ते २०. सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, पायांत शांतीच्या सुवार्तेची तयारी, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण आणि आत्म्याची तलवार, म्हणजे देवाचं वचन. या सगळ्या अंगावर घालायच्या वस्तू आहेत आणि तिथेच शेवटी लिहिणारा स्वतःला बेडीत पडलेला वकील म्हणतो, म्हणजे हे सगळं कैदेतून लिहिलंय. डोळ्यापुढे अर्थातच रोमन शिपाई आहे, कारण नाइट यायला अजून हजार वर्षं तरी होती. नाइटच्या अंगावर ही शस्त्रसामग्री नंतरच्या लेखकांनी चढवली. मायोर्का बेटावरच्या रामोन ल्युल याने १२७५ च्या सुमारास नाइट होणाऱ्यांसाठी एक पुस्तक लिहिलं, त्यात तो एकेक वस्तू घेऊन सांगतो, तलवार क्रुसाच्या आकाराची असते, भाला सत्याचा कारण सत्य सरळ असतं, वाकडं नसतं, शिरस्त्राण म्हणजे लाज बाळगणं, टाचेचे काटे म्हणजे तत्परता. यातलं भाल्याचं उदाहरण बघा, वस्तू सरळ आहे म्हणून अर्थ सरळ आहे, लहान मुलाला पण समजावून सांगावं लागत नाही. तुमच्या गोष्टीतली प्रत्येक वस्तू अशी असली पाहिजे.

आता एक काळ ठरवा. मुलांच्या पुस्तकातल्या चित्रांत सगळं एकत्र झालेलं असतं, पण तेराव्या शतकातला नाइट मुख्यतः लोखंडी कड्यांचं चिलखत घालायचा, हजारो बारीक कड्या एकमेकींत अडकवून केलेलं, आणि पंधराव्या शतकातला नाइट पायापासून डोक्यापर्यंत पोलादी पत्र्यांचं. दोन्हींच्या खाली जाड, कापूस किंवा चिंध्या भरून शिवलेला अंगरखा असायचा, तो नसेल तर कड्या अंगाला टोचायच्या आणि मार थेट हाडाला बसायचा. पूर्ण पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलोचं, पण वजन सगळ्या अंगावर वाटलेलं, त्यामुळे माणूस पळू शकायचा, पडला तर उठू शकायचा, स्वतःच घोड्यावर चढू शकायचा. नाइटला दोरीने उचलून घोड्यावर बसवायचे हे सिनेमातलं आहे, ते गोष्टीत घेऊ नका.

मग अडचण कुठे होती? घालण्यात. पाठीमागचे पट्टे, खांद्याजवळच्या गाठी, कोपराची बक्कलं, हे स्वतःचं स्वतःला बांधता येत नाही. त्यासाठी स्क्वायर, म्हणजे नाइटच्या हाताखाली शिकणारा मदतनीस मुलगा, लागतो. नाइटच्या घरात सात वर्षांचा मुलगा पेज म्हणून यायचा, चौदाच्या आसपास स्क्वायर व्हायचा, एकविसाच्या आसपास नाइट, आणि मधली ती सगळी वर्षं तो दुसऱ्याची बक्कलं लावत शिकायचा. आता विचार करा, विश्वास ही गोष्ट एकट्याने अंगावर चढवता येत नाही, कुणीतरी मागे उभं राहून पट्टा ओढायला लागतं, आई असेल, आजी असेल, संडे स्कूलच्या बाई असतील. हे तुम्हाला गोष्टीत एका वाक्यातही लिहायची गरज नाही. नाइट हात पसरून उभा आहे आणि बारा वर्षांची पोर दातांत दोरी धरून त्याच्या पाठीची गाठ मारतेय, एवढं नीट दाखवा, बास.

शिरस्त्राणाचं पण तसंच. ते घातलं की डोकं वाचतं पण समोरच्या फटीतून जेवढं दिसेल तेवढंच दिसतं, बाजूचं काही दिसत नाही, ऐकू कमी येतं, आत आपलाच श्वास मोठ्याने ऐकू येतो. म्हणजे सुरक्षित असलेल्या माणसाला पण बाजूला कुणीतरी हाक मारणारा लागतो. ढाल लाकडाची, वर चामडं, घाव बसले की तिच्या कडा झिजायच्या, ती बदलावी लागायची. आणि गंज. गंजाबद्दल मला विशेष सांगायचंय कारण गोष्टीत हा कुणी घेत नाही. कड्यांच्या चिलखताला दमट हवेत पटकन गंज चढायचा, म्हणून ते वाळूबरोबर पिंपात घालून ते पिंप घोळवायचे, कड्यांवर कड्या घासून गंज निघायचा. चौदाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेली सर गवेन आणि हिरव्या नाइटची इंग्रजी कविता आहे, तिच्यात गवेन मरायच्या तयारीने निघतो तेव्हा कवी आवर्जून सांगतो की त्याच्या चिलखताचा गंज घोळवून काढलेला होता.

हे गोष्टीत कसं आणायचं त्याचा नमुना देते.

टॉमने चिलखत गुंडाळून पिंपात टाकलं, वर दोन घमेली वाळू ओतली आणि झाकण ठोकून बसवलं. मग पिंप आडवं करून अंगणात ढकलायला लागला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सर ह्यू पायरीवर बसून बघत होते.
“कालच तर घासलं होतं,” टॉम म्हणाला.
“काल पाऊस होता.”
“परवा पण घासलं होतं.”
“परवा दव पडलं होतं.”
टॉमने पिंप थांबवलं. “मग हे संपणार कधी?”
सर ह्यू उठले, पिंपाच्या मागे येऊन टॉमच्या शेजारी वाकले आणि त्यांनीही पिंपाला हात लावला. “ढकल,” ते म्हणाले.

यात प्रार्थना हा शब्द नाही, पाप हा शब्द नाही, पश्चात्ताप तर नाहीच. पण रोज संध्याकाळी घरात प्रार्थनेला बसणाऱ्या मुलाला हे कळतं, आणि ज्याला कळत नाही त्याला पण पिंप ढकलायची मजा येते. दोन्ही मुलं गोष्टीत राहतात. रूपकाची ही पहिली कसोटी धरा, अर्थ न कळलेल्या मुलाला पण गोष्ट पुरी मिळाली पाहिजे. आपल्याला हे नवीन नाहीये खरं तर. नाथांच्या भारुडात विंचू चावतो तेव्हा लोक आधी त्या चावलेल्या माणसाच्या उड्या बघून हसतात, काम-क्रोधाचा विंचू मागाहून डोक्यात शिरतो. मराठी कानाला रूपकाची सवय आहे, जॉन बनियन या इंग्रज लेखकाची यात्रेकरूची रूपककथा पण हरि केशवजींनी यात्रिक क्रमण म्हणून १८४१ मध्येच मराठीत आणली होती. त्यामुळे वाचकाला कळणार नाही अशी भीती बाळगून प्रत्येक पानावर खुलासा करू नका.

आता शत्रू कोण ते ठरवायचं, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. नाइट म्हटलं की क्रुसेड, म्हणजे जेरुसलेम जिंकायला युरोपातून निघालेलं ख्रिस्ती धर्मयुद्ध, येतंच. १०९५ मध्ये पोपने हाक दिली, १०९९ मध्ये जेरुसलेम पडलं आणि आत शिरलेल्यांनी मुसलमान आणि यहुदी रहिवाशांची कत्तल केली. छातीवर क्रूस लावून केली. त्यामुळे तुमच्या गोष्टीत दुसऱ्या धर्माचा, दुसऱ्या पोशाखाचा, दुसऱ्या रंगाचा माणूस शत्रू म्हणून येता कामा नये. जुन्या चांगल्या पुस्तकांत पण ही खोट आहे. इंग्रज कवी एडमंड स्पेन्सरची फेअरी क्वीन (पहिले तीन भाग १५९०, सहा भाग मिळून १५९६) ही या प्रकारातली सगळ्यात मोठी रचना, पण तिच्यात अश्रद्धा, अराजक आणि आनंदहीनता या तीन भावांना त्याने सारासेन म्हणजे मुसलमान योद्धे करून टाकलंय. मुलांना सांगताना मी तो भाग सरळ बदलते, आणि मोठ्या मुलांबरोबर वाचताना मात्र थांबून सांगते की हे चूक आहे. आपल्या मुलांच्या बाकावर शेजारी कोण बसतं ते आपल्याला माहीत आहे. शिवाय इफिसकरांच्या त्याच अध्यायात, बाराव्या वचनात, स्वच्छ लिहिलंय की आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. तलवारीआधी हे वाक्य येतं. म्हणजे ज्याच्या अंगात रक्त आहे तो तुमच्या नाइटचा खरा शत्रू असूच शकत नाही, तो फार तर फसलेला, घाबरलेला, कैदेतला माणूस असेल आणि त्याला सोडवायचंय.

मग ड्रॅगन कशाचा करायचा? एकच मोठं पाप नावाचं जनावर नको. मुलाच्या रोजच्या आयुष्यातलं एक काहीतरी घ्या, खोटं बोलून मग ते लपवत बसणं, भावाचा हेवा, राग, कोणी बघत नसताना केलेला आळस, आणि ते जसं वागतं तसंच त्या जनावराला वागू द्या. याचा उत्तम धडा पाचव्या शतकाच्या सुरुवातीला प्रुडेन्शियस नावाच्या लॅटिन कवीने घालून दिलाय. त्याच्या कवितेत सद्गुण आणि दुर्गुण रणांगणात लढतात. राग धीरावर चालून येतो, भाले फेकतो, ते धीराच्या चिलखतावरून घसरून पडतात, मग राग तलवार उपसून धीराच्या डोक्यावर हाणतो तर तलवारच मोडते, आणि चिडून राग स्वतःच्याच भाल्याने स्वतःला संपवतो. धीर एकही वार करत नाही, जागेवर उभा राहतो. रागाचं हेच तर होतं ना खऱ्या आयुष्यात. खोटेपणाचं जनावर लिहायचं तर ते लढणार नाही, ते गोड बोलेल, एक खोटं झाकायला दुसरं देईल, आणि प्रत्येक वेळी थोडं मोठं होईल. हेव्याचं जनावर नाइटच्या शेजाऱ्याच्या घोड्याचं कौतुक करत येईल.

पुढची गोष्ट, नाइटला हरू द्या. आणि लवकर हरू द्या. स्पेन्सरचा लाल क्रुसाचा नाइट हे सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. पहिल्याच ओळींत त्याचं चिलखत जुनं, घावांच्या खुणांनी भरलेलं आहे, पण तो स्वतः आजवर कधी लढलेलाच नाही. म्हणजे ते घाव दुसऱ्या कुणाचे आहेत, आधी कुणीतरी ते चिलखत घालून लढून गेलंय. नवीन बाप्तिस्मा झालेल्या, दृढीकरण झालेल्या मुलाला हे चित्र किती जवळचं आहे. बरोबर ऊना नावाची मुलगी आहे, गाढवावर बसलेली, दोरीने कोकरू धरलेली, तिच्या आईवडलांना ड्रॅगनने कोंडून ठेवलंय. पहिली लढाई तो जिंकतो, आणि मग एक जादूगार त्याला ऊनाबद्दल खोटं दाखवतो आणि हा तिला सोडून निघून जातो. पुढे एका झऱ्यापाशी चिलखत काढून आरामात बसलेला असताना, ते पाणी पिऊन गळून गेलेला असताना, राक्षस येतो आणि त्याला अंधारकोठडीत टाकतो. ढाल, तलवार, सगळं जमिनीवर पडलेलं. सोडवायला दुसरा नाइट लागतो, आणि त्याला आणते तीच ऊना. सुटल्यावर पण हा एवढा खचलेला असतो की निराशेच्या गुहेत जाऊन मरायला तयार होतो, तिथून पण ऊनाच हात धरून बाहेर काढते आणि एका घरी नेते जिथे श्रद्धा, आशा आणि प्रीती या तीन बहिणी त्याला शिकवतात, बरा करतात. (गुहेचा भाग लहानांना नको, तेरा-चौदाच्या पुढे, आणि तो एकट्याने नाही, मोठ्या माणसाबरोबर बसून वाचायचा.)

मग ड्रॅगन, तीन दिवस. पहिल्या दिवशी नाइट कोसळतो तो जीवनाच्या झऱ्यात. दुसऱ्या दिवशी कोसळतो तो जीवनाच्या झाडाखाली, त्या झाडातून पाझरणारं मलम त्याला बरं करतं. तिसऱ्या दिवशी जिंकतो. तो चांगल्या जागी पडला म्हणून जिंकला, आणि ती जागा त्याने शोधलेली नव्हती. कृपा गोष्टीत दाखवायची ती अशी. राजा शेवटी फौज घेऊन येतो आणि ड्रॅगन मारतो असं लिहिलं की मुलं विचारतात, मग आधीच का नाही आला? त्याला उत्तर नसतं. त्यापेक्षा राजा दिसू नये, पण वाटेत पाणी असावं, भाकरी असावी, कुणीतरी पट्टा ओढून बांधलेला असावा, आणि हे सगळं कुणी ठेवलं असा प्रश्न नाइटला पडावा.

तशीच एक बारीक जागा बनियनच्या पुस्तकात आहे (पहिला भाग १६७८). त्यातल्या यात्रेकरूला एका घरात चिलखत मिळतं, पुढे दरीत अपोल्योन नावाचा राक्षस समोर येतो, याला वाटतं पळून जावं, आणि तेव्हा लक्षात येतं की आपल्या पाठीला चिलखतच नाहीये. पळालो तर पाठ उघडी पडणार. म्हणून उभा राहतो. धैर्याबद्दल एक अक्षर न लिहिता केवढं सांगून झालं! तुमच्या गोष्टीत पण चिलखतात एखादी जागा उघडी ठेवा आणि ती का उघडी आहे ते नाइटला ऐनवेळी कळू द्या.

नावं ठेवताना मधला रस्ता घ्या. प्रत्येक पात्राला गुणाचं नाव दिलं की यादी होते, त्यापेक्षा दोन-तीन जागांना तशी नावं द्या, दरीला, पुलाला, सरायीला, आणि माणसांना माणसांची नावं राहू द्या. गोष्ट युरोपातच ठेवा, नाइटला मावळा करायला जाऊ नका, दोन्हींचं नुकसान होतं. मुलींना फक्त वाट बघत बसवू नका, ऊना पूर्ण गोष्टभर चालतेय, आणि स्पेन्सरच्या तिसऱ्या भागाची नायिका ब्रिटोमार्ट तर स्वतःच चिलखत घालून लढणारी नाइट आहे.

लांबी. एका बैठकीला हजार-बाराशे शब्द, मोठ्याने वाचायला दहा-बारा मिनिटं. पाच-सहा वर्षांच्यांना जनावर आणि घोडा पुरतो, त्यांच्यासाठी अर्थाकडे बघू पण नका. नऊ ते बारा हे खरं वय, या वयात मुलं आपण होऊन म्हणतात की ए, हे म्हणजे अमुक आहे. म्हटलं की हो म्हणा आणि पुढे वाचा, शाबासकी देऊन त्याचा तास करू नका. तात्पर्य काय असं विचारू नका. विचारायचंच असेल तर, टॉमच्या जागी तू असतीस तर पिंप ढकललं असतंस का, किंवा नाइटने झऱ्यापाशी चिलखत का काढलं असेल, असं विचारा. चुकीचं वाटणारं उत्तर आलं तरी अडवू नका, काढलं कारण उकडत होतं हे उत्तर एकदम बरोबर आहे, आणि त्यात बरंच काही आहे.

पहिला खर्डा झाला की एक पेन्सिल घ्या आणि विश्वास, पाप, कृपा, तारण, सत्य, असले सगळे शब्द खोडून टाका. मग वाचा. जिथे गोष्ट अडखळते तिथे वस्तू कमी पडलीय, तिथे काहीतरी हातात धरता येण्यासारखं आणा, दोरी, पूल, दिवा, फाटका बूट. जिथे अडखळत नाही तिथे तो शब्द मुळात नकोच होता. एखाद-दुसरा परत घ्यावासा वाटला तर घ्या, नाइटच्या आईच्या तोंडी, घरी बोलतो तसा. नाइट होण्याच्या आदल्या रात्री तरुण मुलगा चर्चमध्ये रात्रभर जागा राहायचा, शस्त्रं वेदीपाशी ठेवून, तिथे एखादी खरी प्रार्थना आली तर ती शोभते, कारण तिथे तो माणूस खरंच प्रार्थना करायचा.

गोष्ट वाचून झाली की पुठ्ठ्याची ढाल करायला द्या. गवेनच्या ढालीवर बाहेर पाच टोकांचा तारा होता जो सगळ्यांना दिसायचा, आणि आतल्या बाजूला मरियेचं चित्र होतं जे लढताना फक्त त्यालाच दिसायचं. मुलांना पण तसंच सांगा, बाहेर तुझं निशाण, आत जे तुला एकट्याला दिसायला हवं ते. आतलं चित्र दाखव म्हणून मागे लागू नका. पुठ्ठा मात्र दुहेरी चिकटवा आणि हात घालायचा पट्टा जाड कापडाचा शिवून घ्या, चिकटपट्टीचा पट्टा पहिल्या लढाईतच सुटतो.